कुंकू लागलेलं मत

यमुनाबाई राजूरकर. हे नाव पहिले लिहून घ्या, मंग माझं काय लिहायचं ते लिहा, कारण बाई नसत्या तर मी आज तुमच्यासमोर बी.ए. म्हणून बसलो नसतो, अंजनगावच्या बाजारात मेथीच्या जुड्या बांधत बसलो असतो, आणि त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्या मायनं जन्मभर तेच केलं, पण मले जे मिळालं ते बाईमुळे मिळालं.

आमचा मळा अंजनगाव सुर्जीचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, कधी झेंडू. आमच्या घरात माझ्याआधी सहीसुद्धा कोणी केली नव्हती, अंगठाच. बाई तवा अंजनगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या, आणि भाजी घ्यायच्या मायच्या पालातून. मी इंग्रजीत नापास झालो त्या साली माय त्याहिले म्हणाली, बाई, तुमी भाजीचे पैसे नका देऊ, माह्या पोराले इंग्रजी शिकवा. बाई म्हणाल्या, भाजी मी विकतच घेईन भागाबाई, पोराला मात्र फुकट शिकवीन, तो माझा धंदा नाही. असं बोलणं होतं त्याहिचं. सरळ. पुढं त्या अमरावतीले मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होऊन गेल्या आणि त्याहिच्या मागं मी कॉलेजात गेलो, म्हणजे गेलो काय, त्याहिनं ओढून नेलं.

बाई कोण होत्या ते तुम्हाले सांगायचं राहिलंच. वयाच्या पंधराव्या वर्षी विधवा झाल्या, भावानं शिकवलं, घरी बसून परीक्षा दिल्या, आणि वऱ्हाडातून ज्या पहिल्या पाचसहा बाया बी.ए. झाल्या त्यातल्या एक. पदवीदानाची गंमत त्या नेहमी सांगायच्या. नावं वाचणाऱ्या साहेबाले सवयच नव्हती, तो सगळ्याहिले मिस्टर लावत चालला होता, बाईचं नाव आलं तर तेही मिस्टर राजूरकर म्हणून वाचलं, आणि सारा हॉल पाहून राहिला का हा राजूरकर कोणता, तर पांढरं लुगडं नेसलेली बाई उठली आणि चालत गेली. मी विचारलं, बाई, तुम्हाले राग नाही आला? त्या म्हणाल्या, राग घरी जाऊन धरता येतो, पदवी तिथेच घ्यावी लागते.

मी बी.ए. झालो त्या दिवसापासून त्या मले नारायणराव म्हणायला लागल्या, अहोजाहो. मी म्हटलं बाई, असं नका करू. त्या म्हणाल्या, पदवीधर आहात, सवय करा.

आता माझी बहीण गंगू. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि डोक्यानं माझ्याहून दुप्पट, हे मी कौतुकानं नाही सांगत, मले त्रास व्हायचा त्याचा. मॅट्रिक झाल्यावर बाईनं तिले आपल्या घरी अमरावतीले ठेवून घेतलं, इंटरची तयारी करवून घेतली. अशा सात पोरी होत्या बाईपाशी, चार अमरावतीच्या, दोन अकोल्याच्या आणि आमची गंगू. सगळ्या घरी बसून शिकणाऱ्या. आणि अडचण काय, तर घरी बसून शिकणाऱ्या बाईमाणसाले परीक्षेले नागपूरलेच जावं लागे. तवा वऱ्हाड मध्यप्रांतात, विद्यापीठ नागपुरात, आणि अशा उमेदवारांचं केंद्र तिथंच. मंग पोरी अडकून राहिल्या. कोणाचा बाप म्हणे नागपूरले राहील कोठी, कोणाचा म्हणे खाईल काय. आमचे बाबा तर साफ म्हणाले, अमरावतीत परीक्षा असंल तं बसू दे, नागपूर नाही, आणि औंदा बसली नाही तं औंदाच लगन. बाईनं स्वतः न्यावं, तर त्याहिच्या शाळेची वार्षिक परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात, हेडमास्तरीण शाळा सोडून जाईल कशी.

तवा बाईनं ठरवलं का विद्यापीठाच्या सभेवरच निवडून जायचं. पदवीधरांची एक जागा होती. ज्याहिनं नाव नोंदवलं ते पदवीधर टपालानं मत देत. बाई म्हणाल्या, एकदा आत गेले की पहिल्याच बैठकीत अमरावतीच्या केंद्राचा ठराव मांडते, दोन मेंबर पाठिंबा द्यायला तयार आहेत. त्याच्याआधी त्या जागेसाठी बाई उभी राहिल्याचं आम्ही ऐकलंच नव्हतं. समोर कोण, तर एक पेन्शनर रावबहादूर, तिसऱ्यांदा उभे.

काय सांगू तुम्हाले, ते दिवस काय होते. मी तवा अकोल्याच्या शाळेत मास्तर. शाळा सुटली का सायकल काढायची आणि पदवीधर शोधत फिरायचं. बार्शीटाकळीले एक हेडमास्तर आहे असं कळलं तर गेलो बार्शीटाकळीले, तो मूर्तिजापूरच्या डॉक्टरचं नाव सांगे तर रविवारी मूर्तिजापूर. पदवीधर माणूस तवा एवढा विरळा का गावात विचारलं तर लोक घरापर्यंत पोचवून देत. अकोल्यात एक वकीलसाहेब होते, मोठं प्रस्थ. मले म्हणतात, काहो मास्तर, तुमच्या बाई तिथं जाऊन करतील काय, सभेत तं नुसते भांडतात लोक. मी म्हटलं, साहेब, बाई चाळीस पोरींच्या वर्गात भांडण मिटवतात. ते हसले. आतून वकिलीणबाई बोलल्या, भिंतीआडून, आपल्या शांतीले परीक्षेले कोठी पाठवता ते विचारा म्हणा आधी. शांती म्हणजे त्याहिची पोरगी, सातातली एक. वकीलसाहेब मले हळूच म्हणाले, जा, मत दिलं समजा. असं एक एक मत मी गोळा करून राहिलो होतो, रोज बाईले कार्ड टाकत होतो, आज दोन मिळाले, आज एक गेला, आणि माझी छाती अशी फुलली होती का सायकलले चढ लागत नव्हता.

मंग माझी स्वतःची मतपत्रिका आली. जन्मातलं पहिलं मत. माझ्या मनात आलं, हे अकोल्यात नाही भरायचं, अंजनगावले जाऊन घरी भरू, मायसमोर. हीच चूक. शनिवारी गेलो, ओट्यावर बसलो, बाईच्या नावापुढं फुली मारली, शाई वाळायले फुंकर घालून राहिलो. माय म्हणाली, याच्यात बाईचं नाव कोठी हाय ते दाव मले. मी बोट ठेवलं. माय घरात गेली आणि आली, मले वाटलं हात पुसून आली असंल, आणि तिनं हळदीकुंकवाचं बोट त्या नावावर टेकवलं. टेकवलं आणि हात जोडले.

माय, हे काय केलं? मी म्हटलं. काय केलं, ती म्हणे, बाईच्या कपाळाले लावू देत नाही लोक, नावाले कोण अडवते.

पत्रिकेच्या खाली छापलेलं, फुलीशिवाय दुसरी कोणतीही खूण असली तर मत बाद. मी ओल्या फडक्यानं पुसायले गेलो तर ते आणखी पसरलं. दुसरी पत्रिका मिळत नाही. मायले हा नियम सांगितला नाही. लखोट्यात घातलं, सही केली, टपालात टाकलं, आणि मनात म्हटलं, रजिस्ट्रारही माणूसच असंल.

मोजणीले बाईच्या तर्फे नागपूरले मीच गेलो. लांब टेबल, लखोटे फोडून राहिले, दोन गठ्ठे, एक बाईचा, एक रावबहादुरांचा, आणि दोन्ही सारखे वाढून राहिले. आणि निघाली ती. रजिस्ट्रारनं उजेडाकडं धरली, म्हणाले, हे काय आहे, रक्त? रावबहादुरांचा माणूस म्हणाला, कुंकू आहे साहेब, लग्नपत्रिका समजून पाठवलेली दिसते. सगळे हसले. मीही हसलो, तुम्हाले खोटं काहून सांगू, मीही हसलो. रजिस्ट्रार म्हणाले, वाईट वाटतं, पण बाद. आणि वेगळी ठेवली.

बाई एका मतानं पडल्या.

माझं मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती, मंग चिठ्ठी टाकली असती, चिठ्ठी कोणाची निघाली असती कोण जाणे, पण ही अक्कल मले फार उशिरा आली. त्या दिवशी मले एवढंच दिसत होतं का बाईले मी पाडलं. अमरावतीले येऊन सांगितलं. बाईनं विचारलं, किती मतांनी? म्हटलं, एका. आपलं एखादं बाद झालं का? म्हटलं, हो, एक, शाई सांडली होती. शाई. आयुष्यात बाईशी बोललेलं एकच खोटं. बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहीन, नारायणराव, तोंड असं का केलंय?

पण गंगूले पुढची खेप कोठी होती. अंजनगावले गेलो तर बाबाहिनं पोरगा पाहायले सुरुवात केलेली. गंगू अमरावतीहून येऊन कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली, पान उलटत नव्हती. माय मेथी निवडून राहिली होती. ती म्हणाली, बाई कशा पडल्या रे, एवढ्या चांगल्या बाई? आणि मले राहवलं नाही. म्हटलं, तुझ्या कुंकवानं पडल्या. एक मत बाद झालं, ते माझं होतं. बोललो आणि जीभ चावली.

मायनं जुडी बांधली, दुसरी बांधली. मंग म्हणे, नागपूर किती दूर हाय? म्हटलं, काहून? माय म्हणे, पोट्ट्यायले राहाले कोठी आणि खाले काय, हेच म्हनतात नं सारे बाप? मी जातो संगं. रांधतो. बाबा म्हणाले, तू कधी बडनेऱ्यापलीकडं गेली हाय काय? माय म्हणाली, नाही गेली, म्हनून तं जातो. तुमाले भाकर टाकाले माही जाऊ येईल आठ दिवस. बाबा माझ्याकडं पाहून राहिले, मी छताकडं पाहून राहिलो.

मंग पुन्हा सायकल. बाकीच्या सहाही घरी गेलो, सांगितलं, माझी माय सोबत आहे. अन् काय सांगू, जे बाप ठरावानं हलले असते का नसते, ते भाजीवालीच्या नावानं हलले. दोन घरांतून निरोप आला, आमच्या मुली तुमच्या आईच्या हातचं खाणार नाहीत. मी रागावलो. माय म्हणे, रागावतं कायले, त्यायनं त्यायचं शिजवावं, मी चूल फुंकून देईन. बडनेऱ्याले सगळ्या एका डब्यात चढल्या, सात पोरी, सात वळकट्या, एक रांधायचं पितळी पातेलं आणि माझी माय, पोचवायले मी.

पुढं सगळं चांगलं झालं. गंगू आज मुलींच्या शाळेवर हेडमास्तरीण आहे. बाई दुसऱ्या खेपेले निवडून आल्या, आणि अमरावतीचं केंद्रही झालं, त्याची कागदपत्रं कुठंतरी असतीलच. विद्यापीठाच्या इतिहासात बाईचं नाव लिहितील, लिहायलाच पाहिजे. मायचं कोणी लिहिणार नाही, म्हणून तुम्हाले सांगून राहिलो. त्या आठवड्यात नागपूरहून मी बाईले पत्र धाडलं होतं. मास्तराची खोड, कच्ची प्रत ठेवतो मी. ही घ्या, जशी आहे तशी उतरवा.

पूज्य बाईंच्या सेवेशी,

नारायणचा साष्टांग नमस्कार. आज शेवटचा पेपर झाला. सातही मुलींनी सर्व पेपर दिले. शांतीला दुसऱ्या दिवशी ताप होता, तरी ती बसली. गंगू म्हणते, बाईंना कळवा की इतिहासात आपण सांगितलेले तीन प्रश्न आले आणि चौथा मी सोडवला.

माय रोज तीन तास हॉलच्या ओट्यावर बसून असते. पहिल्या दिवशी चपराशाने उठवले, तेव्हा ती म्हणाली, मी कोणाले उत्तर सांगून नाही राहिली, मले येत नाही. स्वतः रजिस्ट्रारसाहेब आले आणि त्यांनी तिला बसायला बाक देवविला. तिसऱ्या दिवसापासून सगळ्या मुली एकाच पातेल्यातले जेवतात. घरी सांगायचे नाही असे त्यांनी आपसांत ठरवले आहे, आपणही सांगू नये.

आता जे लिहायचे ते लिहितो. बाद झाले ते मत माझे होते. शाई सांडली नव्हती. मायने आपल्या नावाला हळदीकुंकू लावले आणि मला ते थांबवता आले नाही, पुसताही आले नाही. आपण हरलात ते माझ्यामुळे, आणि वर मी आपल्याशी खोटे बोललो. क्षमा मागण्यास तोंड नाही, तरी मागतो. मायवर रागावू नये. ती आपल्याला भेटायला यायला लाजते आहे.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. माय विचारते आहे की पुढच्या वर्षी किती पोरी असतील. पातेले लहान पडले, तिला मोठे घ्यायचे आहे. आपण आकडा कळवावा.

आपला,
नारायण