दिवा हिरवा, आकडा शून्य

मलकापूरहून बस सुटली. दीपमालाच्या मागच्या सीटवर रुख्मिणी आणि तिची शेजारीण शकीला बसल्या होत्या.

“वहिनी, घडीघडी मोबाईलात काय पाहून राह्यल्या?” शकीलाने विचारलं.

“धम्मदीपचे बाबा घरी हायेत का, थे. मागं फवारणीनं चक्कर येऊन पडले, तवा डॉक्टरनं वावरात जायाले मनाई केली. मंग पोरानं पुण्यातून घरच्या राऊटरलेच राखणीले बसवलं. बाबाचा फोन घराबाहेर गेला, का मले निरोप येते.”

“मंग, हायेत घरी?”

“हाव! सकाळपासून हिरवा दिवा हाय.”

“कपाशीवर अळी पडली, अन् भाऊ घरी? गुणाचे झाले म्हना!”

“झाले बापा एकदाचे.”

“अन् हा आकडा कायचा?”

“त्यांनी दिवसभरात किती नेट जाळलं, त्याचा. काल दोन जीबी.”

“आज तं शून्य हाय.”

“शून्य? कुस्त्या पाह्यल्याबिगर चहा उतरत नाही त्यांच्या गळ्याखाली!”

“झोपले असतीन.”

“फोन झोपला घरी! माणूस गेला फवाराले. ओ कंडक्टर भाऊ, मले गावात नोका उतरवू, नाल्यापाशी वावराजवळ उतरवा!”

“तिथं थांबा नाही, मावशी.”

पुढच्या सीटवरून सारं ऐकणाऱ्या दीपमालाने हात वर केला आणि घंटीची दोरी ओढली.