फोर्कलिफ्टचे खांदे शेकले तवा

मी करडी गावचा. घरी धानाची शेती, तलावाखालचं वावर, आजाही त्यातच राबला, बापही राबला, आनि रोवन्याले मीबी अजून जातोच, पन पोट भरते वरठीकडच्या कारखान्यात. तिथं फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. मालूम नसन त सांगतो, समोर दोन लोखंडी दांडे असलेली बुटकी गाडी, जड माल उचलून इकडचा तिकडं करते. उचलाचं काम तिचं, थांबवाचं काम माहं.

काय सांगू तुमाले, ब्रेक दाबला का तेलाचा दाब नळीनं चाकात जाते, तिथं ड्रमच्या आत अंगठ्याएवढा जाड सिलिंडर रायते, त्यातल्या रबराच्या वाट्या दोन्हीकडं सरकतेत आनि शू, म्हंजे ब्रेकच्या पट्ट्या, ड्रमले जाऊन घासतेत. वाटी बसवताना ब्रेकचंच तेल लावाचं, ग्रीस नाई, डिझेल नाई, रबर फुगते. मग नळीतली हवा काढाची, गाडी चालवाची, आनि पुन्हा चाक खोलून सिलिंडरच्या रबरी टोपीखाली बोट घालून पाहाचं. ओलं लागलं त सिलिंडर गळून राहिला. डोळ्यापेक्षा मी बोटावर भरोसा ठेवतो.

गाडी चालवाले होता धनराज मामा, माह्या मायचा मोठा भाऊ. आमी दोघं एकाच मोटरसायकलनं ड्युटीले जाऊ. त्याची बैलजोडी होती, मग गावात चिखलनीले सारे ट्रॅक्टरच आले आनि त्यानं जोडी विकली, विकली आनि जेवन सोडून बसला, मामीनं कसंबसं समजावलं. मग ह्या फोर्कलिफ्टचाच लळा लागला त्याले. ब्रेक दाबताना, बैल थांबवाले म्हनतेत तसं, तोंडानं हो-हो म्हने, आमी हासो.

मागच्या पोळ्याच्या तोंडावर मी तिच्या समोरच्या दोन्ही चाकांत नवे सिलिंडर टाकले, तपासले, कोरडे होते. आता पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलाचे खांदे शेकतेत, हळद न तूप कोमट करून पळसाच्या पानानं लावतेत, वर्षभर जू ओढलं ना बाप्पा त्यानं. मामाच्या घरी बैल नाई. त त्यानं काय करावं, डब्यात हळद-तूप आनलं आनि सुट्टीच्या वक्ती दोन्ही चाकांच्या मागून, जिथं त्याले गाडीचा खांदा वाटला तिथं, दिलं ओतून. ते फटीतून गेलं ड्रममंधी. मले पत्ताच नाई.

पोळा झाला, सकाळी गाडी निघाली, उतारावर मामानं ब्रेक दाबला, त गाडी थांबते कायची, सरळ भिंतीले. समोर कोनी नव्हतं म्हनून वाचलं. साहेब आले, म्हने सिलिंडर कोनं बसवले, म्हटलं मी. म्हने खोल. साऱ्यांसमोर चाक खोललं त ड्रम आतून ओलाचिंब. साहेब म्हने तुझ्या हातचा सिलिंडर गळला, उद्यापासून येऊ नोको. टोपी उचलून बोट घातलं त कोरडं. दुसऱ्या चाकाचंही कोरडं. मग शूवरचं ओलं बोटाले घेतलं त पिवळं, आनि वास घरच्या तुपाचा. मले समजलं. मामाकडं पायलंच नाई मी. म्हटलं साहेब, सिलिंडर कोरडा आहे. म्हने मग हे ओलं कुठून आलं. मी बोट फडक्याले पुसलं. बोललो त मामा जाते, नाई बोललो त मी जातो, घरी लेकरं, म्हातारी माय, आनि मायले तोंड कसं दाखवू.

तवा मामाच पुढं आला. म्हने साहेब, ते माहं तूप आहे, मी खांदे शेकले गाडीचे, पोट्ट्याले बोलू नोका. दोघं-चौघं हासले. साहेब नाई हासले, म्हने मानूस मेला असता त. मामा म्हने हो साहेब, मेला असता.

माही नोकरी राहिली. मामाले गाडीवरून उतरवलं, आता तो तिथंच आवार झाडते. घरी जाताना म्हटलं मामा, कायले बोलला, मी पाहून घेतलं असतं. म्हने तू काय पाहून घेतलं असतं, तुले खोटं बोलता येते का. मले वाईट वाटते त्याचं, अजून वाटते, खोटं कायले सांगू.

आता नवा सिलिंडर बसवला का गाडी मी स्वतः उतारावरून आनून पाहतो, साऱ्यांले बाजूले करतो. मामा मात्र झाडू घेऊन खाली मधोमध उभा रायते. मी वरून ओरडतो, मामा, बाजूले हो. म्हने, चाकात बोट घालून पायलं ना तू, मग मी काहून हटू. मी ब्रेक दाबतो. गाडी त्याच्याअलीकडं थांबते, आनि तो पुन्हा झाडू माराले लागते.