कळवलं होतं म्हणे!

नाही, परत नाही सांगणार! काय माझ्यामागे लागता हो तुम्ही? भजन झालं, प्रसादाचं चण्याचं सुंडल खाऊन झालं, आता मुकाट्यानं घरी जावं, तर नाही! 'अप्पाजी, ते शाळेचं सांगा... अप्पाजी, ते पँटीचं सांगा...' तिकडे पोरीचं आयुष्य उलट्या बाजूनं शिवलं जात होतं आणि तुम्हाला गंमत! आणि नटराज, तू पुढे बसू नकोस. तू नको तिथे हसतोस. बरं, सरका. सांगतो. पण हे शेवटचं!

तर आधी मला सांगा, कळवणं म्हणजे काय? मी शिंपी माणूस. तिसरीपर्यंत शाळेत गेलो, तेही दुपारच्या सांबारभातासाठी. पण मेलकावेरीत पन्नास वर्षं मशीन चालवतोय, आणि कुणाचा शर्ट तयार झाला की मी काय करतो? त्याच्या दारात जातो. हाक मारतो, 'ओऽऽ, शर्ट झाला!' तो बाहेर येतो, म्हणतो 'झाला का?' मी म्हणतो 'झाला.' याला म्हणतात कळवणं! एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. आणि ही शाळा? खुर्चीत बसून बोटानं फोन दाबला, टिंग्... की कळवलं होतं म्हणे!

माझी नात नित्या, आत्ता पेटी वाजवत होती ती. दहावीला पाचशेत चारशे एकाहत्तर! बाप तिचा, म्हणजे आमचा गिरीश, मस्कतला एसी दुरुस्त करतो. सून तंजावरच्या हॉस्पिटलात नर्स, पहाटेच्या गाडीनं जाते ती दिवेलागणीला परत. मग शाळेचा पालक कोण? मी! आता अकरावीला ग्रूप घ्यावा लागतो, गणित-बायालजीचा नाहीतर कॉमर्सचा. नित्याला आठवीत असताना आडुतुरैला नेलं होतं, ते भाताचं संशोधन चालतं तिथे. तेव्हापासून पोरगी ताटातलं शीत बोटावर घेऊन मला शिकवते, 'आजोबा, हा अमका भात, पाण्यात उभा राहतो.' मी म्हणतो, बाई गं, मला भाताच्या दोनच जाती ठाऊक, सांबाराचा आणि ताकाचा! पण तिला शेतकी कॉलेजात जायचंय, आणि त्याला बायालजी पाहिजे. एवढंच मागते ती. सोनं मागत नाही, स्कूटी मागत नाही!

आणि मे महिन्यात शाळेच्या फळ्यावर यादी लागली... नित्या, कॉमर्स! पोरगी घरी आली, जेवेना, पेटीला हात लावेना. मी टेप गळ्यात तसाच ठेवून शाळेत गेलो.

तिथे हा बसलेला. पालकांना कळवायचं खातं याच्याकडे. सार म्हणतात त्याला. 'तात्ता,' म्हणतो... मी काय त्याचा आजा लागतो?... 'तात्ता, आम्ही सगळं कळवलं होतं. वर्षाचं प्लॅनिंग कळवलं, विद्यार्थ्यांकडून काय काय अपेक्षा ते कळवलं, ग्रूपचा मेसेज तर तीनदा पाठवला. एक दाबा बायालजी, दोन दाबा कॉमर्स. तुम्ही दोन दाबलंत!' मी? मी दाबलं? अहो, माझ्या फोनचं दोनचं बटण गेल्या दिवाळीपासून आत गेलंय, ते बाहेर आलं तर मी पेढे वाटीन! मी म्हटलं, सार, मला काहीही आलेलं नाही. तर चाळीस पालकांच्या देखत हा काय म्हणाला असेल? मान तिरकी करून, चष्मा पुसत... 'ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कळवून तरी काय उपयोग?'

लोक हसले. हो नटराज, तूही होतास तिथे, तूही हसलास, माझं लक्ष होतं!

पण मी हललो नाही. म्हटलं, माझ्याकडून उत्तर आलं ना? मग ज्या नंबरावरून आलं त्याला लावा फोन, इथे, माझ्यासमोर! तोवर आवाज ऐकून हेडमिस्ट्रेस विशालाक्षीबाई बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, लावा. लावला. मोठ्या आवाजावर. तिकडून कोण? 'हरिकृष्ण बोलतोय, सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या केळीच्या बागेतून.' कोण हरिकृष्ण? ना आमच्या गोताचा, ना गावाचा! बाईंनी शाळेचं नाव सांगितलं मात्र, हा माणूस सुटला, 'अय्यो, शाळा! नित्या कशी आहे? फेब्रुवारीत तीन दिवस आली नाही, ताप होता का? आणि सहामाहीला गणितात अठ्ठावन्न कसे पडले हो? बायकोला सांगून पिल्लैयार गणपतीपुढे दिवा लावायला लावला मी!'

काय झालं होतं? शाळेकडे नंबर आमच्या गिरीशचा. तो मस्कतला गेला, इथल्या सिममध्ये पैसे भरले नाहीत, कंपनीनं नंबर उचलला आणि या केळीवाल्याला दिला. वर्षभर माझ्या नातीची काळजी सुंदरपेरुमाळ कोयिलमध्ये चालली होती! पालकसभा आहे, हजर राहा... तो बिचारा बागेतून विचार करायचा, जावं की न जावं! बाईंनी विचारलं, 'अहो, पण तुम्ही उत्तर का दिलंत?' तर म्हणतो, 'तीनदा विचारलं शाळेनं. कुणीतरी द्यायला नको? पोरीचं गणित कच्चं, म्हणून कॉमर्स दाबलं. बँकेत लागेल, दिवसभर पंख्याखाली बसेल.' चांगला माणूस हो! राग तरी कसा यावा? पण माझ्या नातीचं भविष्य त्यानं पंख्याखाली बसवलं ना!

तरी हा सार काय म्हणतो? 'नंबर बदलला तर कळवणं पालकांचं काम.' मी म्हटलं, कळवलं होतं! गेल्या जूनमध्ये, नित्याच्या हातची चिठ्ठी, त्यावर माझा नंबर, तुझ्या या उजव्या हातात दिली! 'पुरावा?' म्हणतो. बाई म्हणाल्या, 'तात्ता, बायालजीत एकच जागा आहे, यादी शुक्रवारी वर जाते. काही असेल तर आणा.' आता कुठून आणू? मी शिंपी, मी काय दिलेल्या चिठ्ठ्यांच्या पावत्या घेतो?

सोमवार गेला, मंगळवार गेला. नित्या म्हणाली, 'राहू द्या आजोबा, कॉमर्स करीन.' ते ऐकून माझ्या सुईनं बोट धरलं... आणि बुधवारी या साराची बायको दुकानात. भाचीचं लग्न, यांची पँट कमरेत होत नाही, जरा सैल करा. मीच शिवलेली पँट! दीड-दोन इंच जादा कापड, माया म्हणतो आम्ही, आत ठेवलेली, कारण पोट कुठे चाललंय ते मला तेव्हाच दिसलं होतं. उसवायच्या आधी सगळे खिसे उलटे करायचे, हा माझा पन्नास वर्षांचा नेम. मागचा उलटा केला, नाणं. पुढचा, बसचं तिकीट. आणि आतला छोटा चोरखिसा... एक घडी. धुण्यात जाऊन पापडासारखी झालेली. हळूच उलगडली. निळं बॉलपेन, नित्याचं अक्षर, माझा नंबर!

गुरुवारी सकाळी पँट खांद्यावर टाकून निघालो. पेठेतून, भर रस्त्यानं! कुणी विचारलं तर सांगत गेलो, कोर्टात चाललोय. बाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, शेजारी पँट पसरली. म्हटलं, बाई, हा पुरावा, आणि हे पुराव्याचं घर! सार पांढरा फटक. बाईंनी चिठ्ठी बघितली, खिसा बघितला, साराकडे बघितलं, पेन उचललं आणि यादीतलं कॉमर्स खोडलं. माझ्या डोळ्यांदेखत! बायालजी लिहिलं. वर हुकूम सोडला, आजपासून प्रत्येक गोष्ट कागदावरही घरी जाईल, सही होऊन परत येईल. आणि त्याला म्हणाल्या, 'वडील माणूस आहेत, त्यांची माफी मागा.' हा म्हणाला, 'मागतो, मॅडम.'

मी वाट बघितली. आठवडा. दोन आठवडे. काही नाही. मग एक दिवस दुकानासमोर फटफटी थांबली, मागे केळीचा घड बांधलेला. उतरला कोण? हरिकृष्ण! नित्यासाठी केळी आणली, दोन दाबलं म्हणून तिची माफी मागितली, डोळ्यांत पाणी आणून! आणि मग खिशातून फोन काढून म्हणतो, 'अय्या, तुमच्यासाठी माझ्याकडे काहीतरी आलंय.' वाचून दाखवलं, 'माननीय पालक, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

नंबर अजून बदललेला नाही! माफीसुद्धा केळीच्या बागेत!

परवा रस्त्यात गाठलं त्याला. विचारलं, काय सार, माफी? तर मान तिरकी करून, चष्मा पुसत... 'तात्ता, कळवली होती की!'

पँट खुंटीला आहे. दोन इंच सैल केलेली, इस्त्री मारलेली. तयार झालं की दारात जाऊन हाक मारायची, हा माझा नेम, तो आयुष्यात एकदाच मोडला. भाचीच्या लग्नाला तो दुसरी जुनीच घालून गेला म्हणे, श्वास कोंडून, पंगतीत न बसता! मी लढलो ते नातीसाठी, ते झालं. माझं काय, मी म्हातारा माणूस, बसलोय मशीनवर, दार उघडं आहे, पायऱ्या दोनच आहेत... येत नाही तो. चला, उठा आता, दिवे मालवायचेत. आणि नटराज, तू थांब, तूही हसला होतास... बरं जा, तू निदान सुंडल आणून दिलंस. राहिला एकच, तो सार. शंकरनारायण!