मागच्या बाकावरचे साहेब

वहिनी, मंडळी आणि पहिल्या रांगेत बसलेले शिक्षण सचिवसाहेब,

पेपरातून लोकांची टर उडवणं हे माझं काम. त्यामुळे अर्धं रायपूर मला ओळखतं, उरलेलं टाळतं. पण आज समोर रामटेके सरांच्या फोटोला हार आहे आणि जीभ उचलत नाही.

हारांशी सरांचं कधी जमलं नाही. आमच्या विद्यापीठात मंत्री यायचे, त्याआधी हार यायचे. मग वर्ग सुटायचे. कशाला? सभागृहातल्या खुर्च्या भरायला! सुटायचा नाही तो एकच वर्ग, सरांचा संध्याकाळचा. सिलतरा, बीरगांवच्या कारखान्यांतून कामगार थेट अर्थशास्त्र शिकायला येत.

मी शेजारच्या विभागातला मास्तर. एकदा म्हटलं, "सर, काहून सरकारले अंगावर घेता?"

"अबे, सरकार का आपला दुश्मन आहे? छप्पर थेच देते, पगार थेच देते. हक्कानं मागू. पण फळ्यावर काय लिहाचं, ते खडूवाला ठरवन."

गेल्या हिवाळ्यात साहेब, तुम्ही हा वर्ग बंद करायला आलात. विद्यार्थी कमी, खर्च जास्त. कुलगुरू धावत दारात. "सर, साहब आए हैं!"

सर म्हणाले, "आए हैं तो बैठें. क्लास चल रही है."

आणि तुम्ही बसलात. मागच्या बाकावर. तुमच्यावर लिहायला घेतलेला माझा लेख तिथंच गेला. त्याची शोकसभा झाली नाही.

सरांची रीत अशी, की आधी प्रश्न, मग धडा. आणि नव्या माणसाला पहिला मान. तुम्ही विचारलंत, "इतने कम बच्चे क्यों?"

बीरगांवची एक पोट्टी उठली. "सर, हमारे आधे लोग सात बजे छूटते हैं. क्लास छह बजे लगती है."

"टाइम किसने तय किया?"

"आपके ऑफिस ने, सर."

वर्ग हसला. तुम्हीही हसलात, साहेब. मी पाहिलंय. शासन आणि विद्यापीठ इतकी वर्षं एकमेकांना आदेश आणि अहवाल पाठवत होते. एका बाकावर बसून कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

बंद करायचा प्रस्ताव त्या दिवशी थांबला. थांबला, मेला नाही. मेले ते सर. आता वर्ग बंद करणं किती सोपं! शिक्षकच नाही.

पण काल कुलगुरूंनी, कुणाला न विचारता, वर्गाची वेळ आठची केली. एवढ्या वर्षांत त्यांनी न विचारता केलेलं हे पहिलंच काम. मले तर भरूनच आलं. त्यांचं काम त्यांनी केलं. सरांच्या जागी माणूस नेमणं, साहेब, तुमच्याकडे.

तोवर वर्ग मी उघडेन. अर्थशास्त्रात मी ढ आहे. पण प्रश्न तर घेता येतील? उद्या आठ वाजता. मागचा बाक तुमच्यासाठी पुसून ठेवतो.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. गप्प बसलेला वर्ग सरांना आवडत नसे. म्हणून या शांततेत प्रत्येकानं एक प्रश्न मनात धरावा, उद्या विचारायला.

सर, जय भीम. क्लास चल रही है.