माननीय महोदय आत्या

...आणि वर त्या जाहिरातीच्या तळाशी, मुंगीलासुद्धा चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरांत काय छापलेलं, तर म्हणे ‘उमेदवाराने स्वतःविषयी एका पानाचे पत्र अर्जासोबत जोडावे’! अहो, फॉर्म भरून घेतलात ना? नाव झालं, जन्मतारीख झाली, मार्क झाले, अंगावरची जन्मखूणसुद्धा विचारून झाली... आता त्या पोराचं आणखी काय शिल्लक राहिलं, जे तुम्हाला पत्रातून पाहिजे? पण नाही! पत्र पाहिजे म्हणजे पाहिजे! एक पान हो, फक्त एक पान... आणि त्या एका पानानं आमच्या घरात जो धुमाकूळ घातला ना, तुम्हाला सांगते, पस्तीस वर्षं होऊन गेली, पण आजही आठवलं की हसू येतं आणि हसता हसता... जाऊ दे. आधी हसण्याचं सांगते.

ते पोर म्हणजे आमचा धाकटा. माझा भाऊ. नुकताच पदवीधर झालेला, पदार्थविज्ञान घेऊन, दुसऱ्या वर्गात. पण घराण्यातला पहिलाच पदवीधर, त्यामुळे आईच्या लेखी तो दुसरा वर्ग म्हणजे पहिल्याच्याही वरचा! मी तेव्हा टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. दिवसभर कानाला यंत्र लावून, ‘नमस्कार, कुठला नंबर हवा?’ कोण खेकसतंय, कोण लाडात येतंय, कोण नुसतंच धापा टाकतंय... सगळ्यांचे आवाज काढायची जी सवय लागली, ती अजून सुटलेली नाही, बघताच आहात तुम्ही. आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. आठ तास त्या चाकाची घरघर ऐकून माणसाला आवाजाचाच वीट येत असेल की काय, देव जाणे, पण घरी आले की त्यांचे शब्द दोन. एक ‘हं’ आणि दुसरा ‘बघू’. धाकटा पास झाला त्या दिवशी आई रडली, मी नाचले, आणि अण्णा म्हणाले, ‘हं’. संपला सोहळा!

तर जाहिरात होती वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्याची, जागा शिकाऊ तपासनीसाची. धाकट्याच्या मनात भरली. सहा ठिकाणांहून नकार आला होता बिचाऱ्याला, सातव्यानं तर नकारसुद्धा कळवला नव्हता. हल्ली जेवताना मान वर करत नव्हता. म्हणून तो हट्टालाच पेटला, की हे पत्र असं लिहायचं, असं लिहायचं, की वाचणारा खुर्चीतून उठून उभा राहिला पाहिजे! खिडकीशी आमचं एक टेबल होतं, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. तिथे बसला. ‘माननीय महोदय’ लिहिलं. स्वल्पविराम दिला. आणि तुम्हाला सांगते, तीन दिवस त्या स्वल्पविरामाच्या पुढे गाडी हलेना! मी ड्यूटीवर जाताना बघावं तर स्वल्पविराम, परत यावं तर स्वल्पविराम. म्हटलं, अरे, काय झालंय काय? तर म्हणतो, “ताई, माझ्याविषयी लिहायचंय गं... पण माझ्यात लिहिण्यासारखं आहे काय?”

घ्या! बावीस वर्षांचा घोडा, आणि हा प्रश्न! एक पान हो, फक्त एक पान, आणि त्याच्यापुढे आमचं पोर असं रिकामं होऊन बसलेलं.

मग काय, आम्ही सगळे धावलो मदतीला. तिथेच घात झाला! शेजारी एक मास्तर राहायचे, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले होते ते फक्त पगारातून, बाकी छडी अजून डोळ्यांत होती. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, आणि, “हं... ‘मला काम शिकण्याची इच्छा आहे.’ इच्छा? अरे गाढवा, इच्छा तर मांजरालाही असते! लिही, दुर्दम्य महत्त्वाकांक्षा! ‘मी वेळ पाळतो’ काय? वेळ घड्याळ पाळतं! लिही, शिस्त हा माझा श्वास आहे!” लिहिलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “आणि पोहता येतं ते लिहिलंस का रे?” “आई, वजनकाट्याच्या कारखान्यात पोहायचं कुठे?” “असू दे! उद्या पूर आला तर?” लिहिलं! मी तरी कशी मागे राहीन? मी घातलं, ‘संभाषणचातुर्य’. आता हा मुलगा अनोळखी माणसानं किती वाजले विचारलं तर घड्याळ पुढे करतो, तोंड उघडत नाही! पण कागदावर काय, कागद बिचारा कुठे नाही म्हणतो?

मास्तरांच्या टाइपरायटरवर ते छापून झालं, आणि मास्तर म्हणाले, “आता मोठ्यानं वाच.” धाकटा उभा राहिला. ‘माननीय महोदय, दुर्दम्य महत्त्वाकांक्षा हे माझ्या व्यक्तिमत्त्वाचे...’ आणि त्याचे कान लाल व्हायला लागले. लहानपणापासूनचं ते. खोटं बोलायला गेला की आधी पाळी लाल, मग वरची कड, मग सगळा कान जास्वंदीसारखा! ‘नेतृत्वगुण’ येईपर्यंत तर मला वाटलं, आता कागद पेटतो. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. वाचन संपलं तशी आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, “हं.” आणि उठून आपल्या बहिणीला पत्र लिहायला बसले. दर महिन्याला एक पत्र आत्याला जायचं, त्यात काय असायचं ते आम्ही कधी विचारलं नाही. दोन शब्दांचा माणूस, लिहून लिहून काय लिहिणार? ‘हं. बघू. तुझा भाऊ.’ एवढंच असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

आता इथून पुढचं सांगताना माझ्याकडे असं बघू नका. दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन पाकिटं. एकावर कारखान्याचा पत्ता, आत फॉर्म आधीच घातलेला. दुसऱ्यावर आत्याचा. आणि शेजारी दोन कागद, दोन्ही अण्णांनी त्यांच्या त्या टापटिपीनं तीन घड्या घालून ठेवलेले, अगदी जुळ्या भावांसारखे. धाकटा म्हणाला, “ताई, जाता जाता टाकशील?” घरातलं टपाल टाकायचं काम नेहमी माझंच. मी घेतले, घातले, चिकटवले, टाकले. घडी उघडून बघायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं हो... बस सुटत होती!

सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला दारात आत्या! चार तासांचा प्रवास करून, हातात पिशवी, चेहरा असा की दारातल्या पायपुसण्यानंही बाजूला सरकावं. आत आली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, “मी तुमची कोण लागते?” आई म्हणाली, “अहो वन्सं, असं काय...” “नाही, एकदा सांगा. आत्या लागते की माननीय महोदय?”

 आत्यानं पिशवीतून कागद काढला, झटकला आणि सुरू, “‘माननीय महोदय’! महोदय? मला मिशा फुटल्यात का रे? ‘आपल्या नामांकित संस्थेत’... माझं दोन खोल्यांचं घर आता संस्था झालं? ‘सेवेची संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन’... गेल्या सुट्टीत आला होतास तेव्हा जेवलेलं ताट तरी उचललंस का? ‘शिस्त हा माझा श्वास’... आणि हे काय, हे काय, ‘मला पोहता येते’! अरे, मीच शिकवलं ना तुला पोहायला, माझ्याच पाठीवर बसून शिकलास, आणि मलाच कळवतोस?” आणि बोलता बोलता त्या एवढ्या खमक्या बाईचा आवाज चिरकला. “सख्ख्या भावानं टाइप करून पत्र पाठवायला लागावं, इतकं काय चुकलं माझं?”

आई तिला जवळ घेऊन आत घेऊन आली, मी हसू दाबता दाबता पडायच्या बेतात... आणि एकदम माझ्या डोक्यात वीज चमकली. हे इथे आलं, तर मग ते कुठे गेलं?

अण्णांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाचा चेहरा उतरलेला बघितला. म्हटलं, “अण्णा, काय लिहिलं होतं त्यात?”  ‘हं’ नाही, ‘बघू’ नाही. तडक आत गेले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि म्हणाले, “मी ते परत घेऊन येतो.” धाकटा म्हणाला, “मी पण येतो.” टाइप केलेला कागद त्यानं आत्याच्या हातातून घेतला आणि निघाले दोघे. एक पान हो, फक्त एक पान, पण दोघं असे चालले होते, जसं काही चोरी कबूल करायला निघालेत!

पुढचं धाकट्यानं मला सांगितलं, इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे होते असं मला वाटतं. लांब खोली, टेबलावर मखमलीच्या पेटीत पितळी वजनं, लहान लहान होत गेलेली, शेवटचं तर मसुराएवढं. त्यामागे निळा कोट घातलेल्या बाई, मुख्य तपासनीस. अण्णा दाराबाहेरच्या बाकावर बसले. ऐनवेळी त्यांचा पायच आत पडेना. धाकटा एकटा आत गेला. म्हणाला, “बाई, माझ्या पाकिटात चुकून दुसरंच पत्र आलंय.” बाईंनी फाइल उघडली. “हे का?” आणि सरळ मोठ्यानं वाचायला लागल्या.

“‘अक्का, धाकट्याचं शिक्षण झालं. नोकरी शोधतो आहे. काल त्यानं स्वतःविषयी पत्र वाचून दाखवलं. त्यातला मुलगा कोणाचा ते मला ओळखू आलं नाही. आपला तसा नाही. आपल्याला सकाळी तीन हाका माराव्या लागतात. तिसरीला उठतो, पण मग कुरकुरत नाही. खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. दुकानात भिंग पुसायला दिलं तर एकाला पंधरा मिनिटं लावतो. मालक ओरडतात. पण त्यानं पुसलेल्या भिंगावर मला पुन्हा फडकं फिरवावं लागत नाही. वीस वर्षांत असा दुसरा हात बघितला नाही. त्याला हे सांगावं असं पुष्कळदा मनात येतं, पण समोर आला की जमत नाही. म्हणून तुला लिहिलं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं.’”

 दार उघडंच होतं. धाकट्यानं मागे वळून बघितलं, तर अण्णा छतावरच्या पंख्याकडे बघत होते, जसं काही तो पंखा तपासायलाच त्यांना बोलावलंय.

बाई म्हणाल्या, “आणि तुमचं खरं पत्र?” त्यानं खिशातून काढून दिलं. त्यांनी वाचलं. एकदा पत्राकडे बघितलं, एकदा त्याच्या कानांकडे. “दुर्दम्य महत्त्वाकांक्षा... खरं आहे हे?” “नाही बाई.” “नेतृत्वगुण?” “नाही बाई.” “पोहता येतं?” “ते खरं आहे!”

मग त्यांनी चिमट्यानं एक वजन उचललं, कापडासकट त्याच्यापुढे ठेवलं. “पुसा. बोटाचा ठसा राहिला तरी आमच्याकडे वजन वाढतं.” आणि हा बसला पुसत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा... बाई आपलं काम करत होत्या, बाहेर बाकावर अण्णा हातरुमालाचा बोळा करत होते. वीस मिनिटांनी बाईंनी ते वजन उजेडात धरलं, फिरवलं आणि पेटीत ठेवून दिलं. “सोमवारी आठ वाजता या. तिसऱ्या हाकेची वाट बघू नका, इथे एकही मारत नाहीत.”

अण्णा तेवढ्यात दारात येऊन, अंग चोरून म्हणाले, “बाई, ते माझं पत्र...” बाई म्हणाल्या, “शिक्का पडला त्याच्यावर. फाइलला लागलं. आता नाही मिळायचं.”

घरी येताना दोघं बसचा थांबा मागे टाकून तसेच चालत राहिले.  फक्त मोठा रस्ता ओलांडताना अण्णांनी त्याचं कोपर धरलं, म्हणे, लहानपणी धरायचे तसं, आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं विसरले. दारातून आत आले, आई म्हणाली, “काय झालं?” आणि अण्णा म्हणाले... ओळखा बघू! “हं!”

आत्या मात्र पुढे जन्मभर भांडली. “माझं पत्र होतं ते! माझ्या भावानं मला लिहिलेलं, आणि वाचलं कोणी, तर वजनकाटेवाल्यांनी!” अण्णांनी ते तिला पुन्हा कधी लिहून दिलं नाही. म्हणायचे, “ज्याला कळायचं त्याला कळलं.” आता आत्या नाही, आई नाही, अण्णाही नाहीत. धाकटा गेल्या वर्षी त्याच कारखान्यातून मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त झाला.

आणि मी? मला तुम्ही विचारलंत का, मला काय वाटलं? अहो, पाकीट चिकटवलं मी, टाकलं मी, माझी घाई नसती तर पोर अजून स्वल्पविरामावर बसलं असतं! आणि त्या अख्ख्या पत्रात माझ्याविषयी एक ओळ नाही! वर्षानुवर्षं आत कुठेतरी टोचत राहिलं, खोटं कशाला सांगू? शेवटी एका दुपारी, अण्णा खूप थकले होते तेव्हा, त्यांचा चष्मा पुसून हातात देता देता विचारूनच टाकलं. म्हटलं, “अण्णा, माझ्याविषयी कधी कोणाला असं पत्र लिहावंसं वाटलं नाही हो तुम्हाला?”

अण्णांनी चष्मा लावला. माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या मानानं फारच वेळ बघितलं. आणि म्हणाले,

“वाटलं ना. खूपदा वाटलं. पण टाकायला कोणाकडे देणार?”