हर्सूलच्या प्लॉटसाठी केलेला वकील

तुम्ही हसाल, पण हर्सूलचा प्लॉट घेताना मी वकील लई शोधून केला होता. जागा दोन भावांची. थोरला म्हणाला, "वेगळा वकील कशाला करता? आमचाच वकील कागद बघून देईल."

बायको म्हणाली, "विकणाऱ्याचा वकील आपलं काय बघणार?"

मला पटलं. ऑफिसात चौकशी करून एक वकीलबाई गाठल्या. एकही कागद न वाचता सोडत नाहीत, अशी त्यांची ख्याती. रजिस्ट्री सोमवारवर आलेली.

बाईंनी फाईल उघडली, वारसांची नावं वाचली आणि एकदम थांबल्या.

"वडिलांच्या मागं हे दोघं भाऊच?"

"व्हय मॅडम. बहीण नाय, असं थोरल्यानं शपथपत्रावर लिहून दिलंय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग दर राखीला मी जाते, ते कुणाच्या घरी?"

मी म्हटलं, "मॅडम, आता मी काय करू?"

फाईल माझ्याकडं सरकवत त्या म्हणाल्या, "तुम्ही दुसरा वकील बघा. चांगला सापडला, तर त्याचा नंबर मलाही द्या."