काळी एक धरून ठेव

हॅलो?… हो साक्षी, बोल… नाही गं, अजून निघोज्यातच, कारखान्यात… माहितीये, चिखलीचं देऊळ भरलं असेल… काय? आबा सुरूच करत नाहीत? उपरणं घेऊन नुसते उभे?

अगं, सांग ना त्यांना, ताईला जमत नाही… हो, हो, ऐकलं. शुभदाच्या पेटीनं सूर दिल्याशिवाय कीर्तनाला तोंड उघडणार नाही म्हणतात. पण उद्या घशाचं ऑपरेशन आहे, साक्षी. आवाज राहायचा नाही म्हणालेत ना डॉक्टर? मग आज नाही तर कधी?

कशी येऊ? भट्टीची स्क्रीन गोठतेय. तापमानाचा जुनाच आकडा दिसत राहतो आणि माणसं त्यावर विसंबून भट्टीशी उभी… अगं ऐक ना. प्रोग्राममध्ये एकाच वेळी खूप कामं चालतात, एकेका कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात, पण स्क्रीनला हात लावायचा तो एकट्या मुख्य थ्रेडनं. निरूपण बुवांचं, पेटीवाल्याचं नव्हे, तसं. इथं भट्टीचं तापमान वाचणारा मागचा थ्रेडच परस्पर आकडे लिहीत होता. ते सकाळीच काढलं. त्याला म्हटलं, आकडा मुख्याच्या हाती दे नि मग जा…

तरी गोठते ना. मागचा म्हणतो, तू आकडा घेतल्याशिवाय मी हलणार नाही. मुख्य म्हणतो, तुझं काम संपल्याशिवाय मी वळणार नाही. दोघंही उभेच…

काय म्हणालीस? अजून दाराकडेच बघतायत?

…थांब जरा.

साक्षी, पेटीवर तू बस. येत नसेल तर नसू दे. लहानपणी चोरून वाजवायचीस ना? आबांची पट्टी, काळी एक, तेवढी दाबून धर, भाता हलवत राहा, बास. आबांना म्हणावं, ताईची वाट बघू नका. मुख्यानं वाट बघत उभं राहायचं नसतं… असंच सांग. आणि फोन स्पीकरवर टाकून तिथंच ठेव.

…हं. आला सूर. मी पण इथली प्रोग्राममधली थांबायची ओळ काढते. आकडा ठेवायचा नि निघायचं, कुणी कुणासाठी अडायचं नाही…

गायला लागले गं आबा. किती खरवडल्यासारखा झालाय आवाज…

हलला. साक्षी, आकडा हलला इथला…

का थांबले?… खोकतायत? कुणाला तरी पाणी द्यायला सांग… नाही, नाही, पुढचं कुणी म्हणायचं नाही. ते उभे आहेत तोवर त्यांचंच कीर्तन आहे. तू बोट उचलू नकोस. श्वास घेऊ दे त्यांना, नुसती पेटी वाजू दे… आबा, सावकाश… बोट उचलू नकोस हं…

साक्षी? सूर ऐकू येईना गं…

हॅलो?